नऊ पस्तीस अधिक पन्नास

बंदर कचेरीच्या वेळापत्रक विभागात बावन्न वर्षांचा एक गृहस्थ काम करायचा. त्याला सगळे 'घरगुती' म्हणत, आणि तोंडावर म्हणत, कारण त्या नावाचा त्याला स्वतःलाच अभिमान होता. बाहेरून तयार आणलेल्या वस्तूवर त्याचा विश्वास नव्हता. घरातली भिंतीवरची फळी त्याने स्वतः ठोकली होती, आणि तिच्यावर गोल वस्तू ठेवायची नाही असा घरात नियम होता. दाराची घंटाही त्यानेच जोडली होती. ती दारासाठी वाजायची आणि फ्रीज सुरू झाला तरी वाजायची, त्यामुळे घंटा ऐकली की बायको आधी फ्रीजकडे बघायची आणि मग दाराकडे. जेवणाच्या टेबलाच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी होती.

"माझ्या हातची वस्तू ओळखायची खूण सोपी आहे," तो आल्यागेल्याला सांगायचा. "तिच्याखाली पुठ्ठा असतो."

लोक हसायचे, तोही हसायचा, आणि बायको पायाने पुठ्ठा परत आत सरकवायची.

कचेरीतलं त्याचं कामही त्याने असंच घरगुती पद्धतीने चालवलं होतं. काम तसं एका वाक्यात सांगण्यासारखं. गावाच्या मधून खाडी जाते. अलीकडच्या धक्क्यावरून पलीकडच्या धक्क्यावर एक प्रवासी लाँच जाते. वाटेत गाळाचा एक उंचवटा आहे. ओहोटीला पाणी उतरलं की तो काळाभोर आणि तुकतुकीत वर येतो, म्हणून त्याला सगळे 'म्हैस' म्हणतात. म्हशीवर पुरेसं पाणी चढल्याशिवाय लाँच सोडायची नाही. पाणी कधी चढणार ते दर महिन्याला एका मोठ्या कागदावर छापून धक्क्यावर लावायचं. तो कागद म्हणजे घरगुतीचं आयुष्य.

वेळा मुख्य कचेरीकडून एका लांबलचक फाइलीत येत. त्या फाइलीत प्रत्येक आकडा जणू वेगळ्या पिशवीत बांधलेला असे आणि पिशवीवर चिठ्ठी लावलेली असे: ही तारीख, ही वेळ, ही पाण्याची उंची. त्या पिशव्या उघडून देखणा कागद तयार करायची एक स्क्रिप्ट असते. स्क्रिप्ट म्हणजे नियमांची यादी. तारखेची पिशवी दिसली की ठळक अक्षरात छाप, उंचीची दिसली की उजव्या रकान्यात टाक, असे नियम. घरगुतीने ही स्क्रिप्ट वीस वर्षांपूर्वी लिहायला घेतली होती. ती आता चार हजार ओळींची झाली होती आणि तिच्यात एक ओळही परकी नव्हती.

तिच्यातला त्याचा सर्वांत लाडका नियम वेळेचा होता. मुख्य कचेरीच्या वेळा खाडीच्या मुखाच्या असत, आणि तिथून आत म्हशीपर्यंत पाणी पोचायला पन्नास मिनिटं लागतात. म्हणजे प्रत्येक वेळेत पन्नास मिनिटं मिळवायची. कचेरीत लागल्यावर त्याने लिहिलेला हा पहिलाच नियम. तो मिनिटं अचूक मिळवायचा, साठ झाली की पुन्हा शून्यापासून मोजायचा. फक्त तास पुढे सरकवायला विसरायचा. नऊ पस्तीसमध्ये पन्नास मिळवले की नऊ पंचवीस! वेळेत वेळ मिळवली आणि वेळ मागे गेली. ही गोष्ट घरगुतीच्या पहिल्याच आठवड्यात लक्षात आली होती. पण लाडका नियम मोडून नवा लिहायचं जिवावर आलं, म्हणून त्याने फाइलीच्या तळाशी दुसरा एक नियम लिहिला. जिथे जिथे वेळ मागे गेलेली दिसेल तिथे तिथे तो एक तास वाढवायचा. त्या नियमाला त्याने नावही दिलं होतं: 'पुठ्ठा'.

टेबल आणि पुठ्ठा अशी ही जोडी वीस वर्षं सुखाने नांदली.

मग मुख्य कचेरीचं परिपत्रक आलं. दुसऱ्या कुठल्याशा बंदरात 'आठ वाजून सत्तर मिनिटं' अशी वेळ छापली गेली होती, म्हणून यापुढे वेळेची आकडेमोड सर्वांनी मुख्य कचेरीने पाठवलेल्या लायब्ररीतूनच करावी. लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कोणीतरी लिहिलेले, शंभर ठिकाणी तपासलेले नियम. आपल्या स्क्रिप्टमध्ये 'अमुक फाइल आयात करा' अशी एक ओळ लिहायची, की ते नियम आपल्या सेवेला हजर.

आठ दिवस घरगुतीने परिपत्रक पेपरवेटखाली ठेवलं.

"काका, एक ओळ तर लिहायची आहे," शेजारच्या टेबलावरची सहकारी म्हणाली. ती दोन वर्षांपूर्वी बदलून आली होती. पस्तिशीची, कामाला चोख, आणि सगळ्यांना 'सर' म्हणायची. याला मात्र काका.

"एकेका ओळीनेच घुसतात मॅडम सगळे. आज वेळ मिळवायला येतील, उद्या माझ्या खुर्चीत बसतील."

"तुमच्या खुर्चीत कोण बसणार? तिच्याखाली पुठ्ठा आहे."

घरगुतीने सुस्कारा सोडला आणि फाइलीच्या मध्यावर, वेळेच्या नियमाशेजारी, आयातीची ओळ लिहिली. यंत्राने ती नाकारली. आयात सगळ्या नियमांच्या आधी, फाइलीच्या अगदी सुरुवातीला हवी, असा त्याचा निरोप.

घरगुतीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "पाहिलंत? कालचा आलेला, आणि त्याला पहिल्या रांगेत खुर्ची! मी वीस वर्षं मागे उभा."

"काका, वर बसला म्हणजे मोठा झाला असं नसतं हो. त्या नियमाचं जरा वाचून..."

"मला समजतं मॅडम. समारंभात पहिल्या रांगेत कोण बसतं? प्रमुख पाहुणा. आता त्याचंच चालणार." असं म्हणून त्याने ओळ उचलून सगळ्यांच्या वर नेऊन ठेवली. पाहुण्यापुढे शोभा नको म्हणून तळाचा पुठ्ठा काढून टाकला. मग लाडक्या नियमावर बोट ठेवलं. तो आता कामाचा नव्हता. पुसून टाकायला हवा होता. पण वीस वर्षांपूर्वी नव्या कोऱ्या टेबलावर बसून लिहिलेला तो नियम पुसायला काही त्याचं बोट धजेना. "राहू दे बिचारा," तो स्वतःशी म्हणाला. "पाहुणा असताना त्याला कोण विचारतंय? आठवण म्हणून राहील."

मग त्याने चाचणी घेतली. हिशेबाला सोपी म्हणून बरोब्बर नऊची वेळ घेतली. नऊमध्ये पन्नास मिळवले, नऊ पन्नास आले. चाचणी उत्तीर्ण.

कचेरीच्या प्रमुखांनी, म्हणजे साहेबांनी, त्या दिवशी सर्वांना चहा पाजला आणि जाहीर केलं की आता आपलं वेळापत्रक चुकूच शकत नाही.

इथे घरगुतीच्या मेहुण्याची ओळख करून द्यायला हवी, कारण ती लाँच तोच चालवायचा. बायकोचा थोरला भाऊ, सत्तावन्न वर्षांचा, बोलण्यात तिरका आणि पाण्यावर सरळ. तीस वर्षांत त्याची लाँच एकदाही म्हशीला शिवली नव्हती. पुढच्या महिन्यात बंदरात नवी मोठी लाँच येणार होती, आणि तिचं सुकाणू ज्याच्या सेवापुस्तकात एकही डाग नाही त्यालाच मिळणार होतं. त्याला ती हवी होती. इतकी हवी होती की तिच्याबद्दल बोलताना हा मोठ्या घशाचा माणूस आवाज खाली आणायचा. शेवटची तीन वर्षं तिच्यावर काढायची आणि निवृत्त व्हायचं, एवढंच त्याचं मागणं होतं.

त्याचं आणि घरगुतीचं नातं थट्टेचं होतं. अलीकडच्या धक्क्याच्या एका खांबावर मेहुण्याने पांढऱ्या रंगाचा पट्टा मारून ठेवला होता. पाणी पट्ट्याला लागलं की म्हैस बुडाली. "तुमचं चार हजार ओळींत होतं भावोजी," तो म्हणायचा, "माझं एका पट्ट्यात होतं." घरगुती म्हणायचा, "दादा, पट्टा छापून भिंतीवर लावता येत नाही." खरं तर दोघांचं उत्तर वीस वर्षं एकच येत होतं, म्हणून भांडणाला गोडी होती.

एक तारखेला सकाळी नवा कागद धक्क्यावर लागला. पहिली फेरी: नऊ पंचवीस. लाँच भरली होती. पुढच्या बाकावर साहेब होते, मागच्या बाकावर रिकाम्या पिशव्या घेऊन घरगुतीची बायको. मेहुण्याने खांबाकडे पाहिलं. पट्टा पाण्याच्या हातभर वर, कोरडा ठणठणीत.

"साहेब, पाणी आलेलं नाही अजून."

"कागदावर काय लिहिलंय?"

"कागदावर आलंय."

"मग सोडा. तपासलेली लायब्ररी आहे त्यात."

मेहुण्याने नियमाप्रमाणे लाँच सोडली. नऊ बत्तीसला ती सावकाश, अगदी आदबीने, म्हशीच्या पाठीवर जाऊन बसली. भरती चढत होती म्हणून धोका काही नव्हता. पण तासभर पंचेचाळीस माणसं खाडीच्या मधोमध एकमेकांची तोंडं बघत बसली. दोन्ही धक्क्यांवर गर्दी जमली. साहेब उगाच फाइल चाळत होते.

कागद चुकू शकत नाही असं साहेबांनीच जाहीर केलेलं असल्यामुळे चूक लाँचवाल्याची निघाली. दुपारी मेहुण्याला मेमो मिळाला: वाट सोडून लाँच नेल्याबद्दल खुलासा करावा. दुसऱ्या दिवशी कागदावर सव्वादहा होते. मेहुण्याने पट्टा भिजेपर्यंत लाँच हलवली नाही आणि सव्वाअकराला सोडली. लाँच सुखरूप गेली आणि दुसरा मेमो आला: वेळ न पाळल्याबद्दल. खुलासा तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत द्यायचा होता. तो नाही पटला तर दोन्ही मेमो सेवापुस्तकात, आणि नवी लाँच दुसऱ्याच्या हातात.

त्या संध्याकाळी मेहुणा दोन्ही मेमो घेऊन घरी आला आणि टेबलाशी बसला. टेबल डुगडुगलं.

"भावोजी, कागद छापताना पाण्याला विचारलं होतं का?"

"दादा, तो कागद मुख्य कचेरीच्या हिशेबाने झालाय. त्यात माझा हातसुद्धा नाही."

"म्हणून तर काळजी वाटते. तुमचा हात होता तेव्हा बरोबर यायचा."

ही स्तुती होती की टोमणा, हे घरगुतीला कळेना. आतून बायको म्हणाली, "अहो, मी बसले होते ना त्या लाँचमध्ये! पाणी नव्हतंच. साहेबांनी मला चारदा विचारलं, किती वाजले, किती वाजले. माझ्या हातात काय घड्याळ आहे? पिशव्या होत्या."

मेहुणा हसला नाही. चहा अर्धा ठेवून उठला आणि दाराशी थांबून म्हणाला, "तीस वर्षांत पहिल्यांदा रात्री झोप नाही लागली हो." आणि गेला. थट्टा न करता त्याने बोललेलं हे घरगुतीने ऐकलेलं पहिलंच वाक्य होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी घरगुती तासभर लवकर कचेरीत गेला. खरं सांगायचं तर मेहुण्याला वाचवायला नाही, कागद बरोबर आहे हे सिद्ध करायला. मुख्य कचेरीची फाइल उघडली. एक तारीख, खाडीच्या मुखाशी वेळ नऊ पस्तीस. पाकिटाच्या पाठीवर पेन्सिलने बेरीज केली. नऊ पस्तीस अधिक पन्नास, दहा पंचवीस. कागदावर नऊ पंचवीस. पुन्हा केली. बोटांवर केली. पाणी बिचारं वेळेवर आलं होतं, कागदच तासभर आधी पोचला होता.

आणि मग त्याला, लाज वाटायला हवी होती अशा क्षणी, भलताच आनंद झाला.

"मॅडम!" सहकारी दारातून आत येते न येते तोच तो ओरडला. "लायब्ररी चुकली! मी म्हणत नव्हतो? बाहेरचं ते बाहेरचं! शंभर ठिकाणी तपासली म्हणे. तपासणाऱ्यांना नऊनंतर काय येतं ते माहीत आहे का?"

तिने पर्स ठेवली, लायब्ररी वेगळी चालवून तिला नऊ पस्तीसची वेळ दिली. उत्तर आलं, दहा पंचवीस. मग ती घरगुतीच्या फाइलीत खाली खाली गेली आणि एका जागी थांबली.

"काका, हा कोण?"

"तो... जुना आहे. आठवण म्हणून ठेवलाय. तो काही करत नाही."

"सगळं तोच करतोय. लायब्ररीला कोणी विचारलेलंच नाही."

"असं कसं? ती सगळ्यात वर आहे."

"वर आहे म्हणजे दारात आहे, काका. आयात केलेला तो पाहुणा. एकाच पिशवीसाठी पाहुण्याचाही नियम असेल आणि घरच्याचाही, तर यंत्र घरच्याचं ऐकतं. गुपचूप ऐकतं, कुरकूरही करत नाही. पाहुण्याची पाळी फक्त घरच्याकडे नियम नसेल तेव्हा. त्या दिवशी मी हेच सांगत होते, तर तुम्ही मला समारंभ सांगितलात."

घरगुती खुर्चीत बसला. खुर्ची डुगडुगली. सगळा प्रकार त्याला एकदम समोर दिसला. हुशार पाहुण्याला पहिल्या रांगेत बसवून त्याने त्याचं तोंड बंद केलं होतं. पुठ्ठा कुरूप म्हणून काढला होता आणि टेबल लाडकं म्हणून ठेवलं होतं. चाचणीसाठी सबंध घड्याळातून नेमकी ती वेळ निवडली होती जिच्यात तास बदलत नाही. माणूस ठरवून एवढं चुकू शकत नाही, त्याला वाटलं, याला उपजत देणगीच लागते.

"आत्ता दुरुस्त केलं तर दहा मिनिटांत नवा कागद लागेल," सहकारी हळूच म्हणाली. "कोणाला कळणारही नाही."

"म्हैस सोडून," घरगुती म्हणाला. "आणि दादांचे मेमो तसेच राहतील."

उठून तो साहेबांच्या केबिनमध्ये गेला. मेहुणा तिथे आधीच उभा होता, हातात खुलासा, चार वेळा खोडून लिहिलेला.

"साहेब, लाँच वाटेवरच होती. कागद तासभर चुकला होता," घरगुती म्हणाला.

साहेबांनी चष्मा काढला. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं काहीतरी आलं. "म्हणजे लायब्ररी खराब! तसं लिहून द्या. मी मुख्य कचेरीला कडक पत्र पाठवतो. आपल्या कोणाचीच चूक नाही."

एक 'हो' म्हणायचा होता. मेहुणा सुटला असता, साहेब सुटले असते, घरगुतीची वीस वर्षांची अब्रू वाचली असती, आणि वर बाहेरचं ते बाहेरचं हे मुख्य कचेरीच्या पत्रावर शिक्क्यानिशी सिद्ध झालं असतं. असा योग आयुष्यात पुन्हा आला नसता. घरगुतीने तोंड उघडलं, मिटलं, आणि परत उघडलं.

"नाही साहेब. लायब्ररी बिचारी दारात बसून आहे. तिला आत कोणी घेतलंच नाही. मी घेतलं नाही."

मग त्याने नियम, पाहुणा, टेबल आणि पुठ्ठा सगळं सांगितलं. साहेबांना निम्मं समजलं नाही. मेहुण्याला मात्र, ज्याला संगणक सुरू कुठून करतात तेही माहीत नव्हतं, सगळं समजलं, कारण त्याने ते टेबल रोज पाहिलेलं होतं.

"म्हणजे," साहेब सावकाश म्हणाले, "तुम्हाला नऊ पस्तीसमध्ये पन्नास मिळवता येत नाहीत?"

"मला येतात साहेब. माझ्या नियमाला येत नाहीत."

"आणि तो नियम तुम्ही का ठेवलात?"

"माया," घरगुती म्हणाला. सरकारी खुलाशात हा शब्द याआधी आला नसावा. साहेबांनी तो लिहून घ्यायला पेन उचललं आणि परत ठेवलं.

मेहुण्याचे दोन्ही मेमो तिथेच फाडले गेले. एक नवा मेमो टाइप झाला, घरगुतीच्या नावाने. त्याच्यावरचा दुसरा मेमो साहेबांनी सोडून दिला, कारण कागदावर विश्वास ठेवून पुढच्या बाकावर बसलेले ते स्वतःही होते. टेबलाशी परत येऊन घरगुतीने लाडका नियम पुसला. पुसायला एक क्षणही लागला नाही, याचंच त्याला जास्त वाईट वाटलं. कागद पुन्हा छापला आणि धक्क्यावर लावण्याआधी तो मेहुण्याकडे नेला. "दादा, जरा तुमच्या पट्ट्याशी ताडून बघा." मेहुण्याने पट्ट्याशी ताडला, एक दिवस, दोन दिवस. बरोबर होता. तेव्हापासून दर महिन्याचा कागद आधी लाँचवर जातो आणि मग भिंतीवर. परिपत्रकात हे कुठेही नाही.

पुढच्या महिन्यात नवी लाँच आली. पांढरीशुभ्र, दोन मजली. सुकाणूवर मेहुणा, नवा सदरा घालून, आवाज पुन्हा मूळ उंचीवर. पहिल्या फेरीला घरगुती बायकोबरोबर मागच्या बाकावर, शक्यतो कोणाला दिसणार नाही अशा बेताने बसला. पट्टा भिजला होता. वेळ झाली होती. पण दोर काही सुटेना.

मेहुणा वरून वाकला. "भावोजी! सोडू का?"

"सोडा ना दादा, वेळ झाली."

"तशी नाही सोडत. आधी सांगा, नऊ पस्तीस अधिक पन्नास किती?"

घरगुती उत्तर देणार तेवढ्यात आख्ख्या लाँचने, खालच्या मजल्याने आणि वरच्याही, एका आवाजात सांगितलं, "दहा पंचवीस!" त्यात सर्वांत मोठा आवाज शेजारी बसलेल्या बायकोचा होता. घरगुतीने तिच्याकडे पाहिलं.

"तू सांगितलंस का सगळ्यांना?"

"तासभर म्हशीवर बसवलं होतं त्यांना," ती पिशव्या मांडीवर घेत म्हणाली. "कशामुळे, ते नको का सांगायला?"

दोर सुटला. लाँच म्हशीवरून गेली तेव्हा खाली भरपूर पाणी होतं.